पोलीस नियंत्रण कक्ष

संकटात सापडलेल्या किंवा गुन्हा घडताना पाहिलेल्या नागरिकांची दूरध्वनीवरील वर्दी स्वीकारणे, तिचे स्वरूप व निकड ठरविणे, जवळच्या गस्ती पथकाला बिनतारी यंत्रणेवरून घटनास्थळी धाडणे आणि मदत पोहोचेपर्यंत व त्यानंतरही सर्व संबंधितांमध्ये संपर्क राखणे, ही कामे जेथून चालतात ते पोलीस दलाचे केंद्र. या कक्षात संदेशांचे दोन प्रवाह एकत्र येतात. एक प्रवाह नागरिकांकडून दूरध्वनीने आत येतो, तर दुसरा रेडिओ तरंगांद्वारे पोलीस पथकांकडे बाहेर जातो. पहिल्या प्रवाहातील संदेश घाबरलेल्या माणसाचा, तुटक आणि पुष्कळदा अपुरा असतो. दुसऱ्या प्रवाहातील संदेश मात्र थोडक्या शब्दांत, निःसंदिग्ध व तत्काळ कृती करता येईल असा असावा लागतो. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचे काम कक्षातील कर्मचारी करतो. घटनास्थळ त्याला दिसत नसते. कानावर पडलेल्या शब्दांवरूनच त्याला निर्णय घ्यावा लागतो. या रूपांतरात जे गळून जाते, त्याची किंमत प्रसंगी कोणाला तरी प्राणांनी मोजावी लागते. नियंत्रण कक्षाचा इतिहास हा बव्हंशी ही गळती कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

इतिहास : दूरध्वनीच्या प्रसारापूर्वी शहरातील पोलीस शिपाई आपल्या गस्तीच्या हद्दीत अक्षरशः एकटा असे. ठाण्यातून निघाल्यावर पुन्हा ठाण्यात परत येईपर्यंत त्याला निरोप पोहोचविण्याचा खात्रीचा मार्ग नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यांवर पोलिसांसाठी संदेशपेट्या बसविण्यात येऊ लागल्या. शिकागो येथे अशा पेट्या १८८० मध्ये सुरू झाल्या. ठरावीक वेळी शिपायाने पेटीपाशी येऊन ठाण्याशी संपर्क साधावा, अशी पद्धत असे. लंडनमध्ये १९२९ पासून उभारलेल्या निळ्या पोलीस-चौक्यांच्या माथ्यावर दिवा असे व तो लुकलुकू लागला की जवळच्या शिपायाने दूरध्वनी उचलावयाचा असे. मात्र शिपायाची दृष्टी दिव्यावर पडेपर्यंत जाणारा वेळ या व्यवस्थेत वाचविता येत नव्हता.

मोटारगाडीमुळे गुन्हेगारांचा वेग वाढला आणि पोलिसांना चालत्या वाहनात संदेश मिळणे आवश्यक झाले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी १९२३ मध्ये मेलबर्न येथे बिनतारी तारायंत्र बसविलेले गस्ती वाहन वापरात आणले. त्यात मोर्स संकेतलिपी जाणणारा कर्मचारी नेमावा लागे. अमेरिकेत डिट्रॉइटच्या पोलिसांनी १९२१ पासून ध्वनिसंदेशांचे प्रयोग चालविले होते. धक्के खाणाऱ्या मोटारीत ग्राही यंत्राचा मेळ टिकत नसे, ही त्यांतील मुख्य अडचण होती. शिवाय पोलिसांसाठी वेगळा परवाना नसल्यामुळे आरंभी हे केंद्र करमणुकीचे ध्वनिक्षेपण केंद्र म्हणून चालवावे लागे. मोटारीत स्थिर राहणारा ग्राही तयार झाल्यावर ७ एप्रिल १९२८ रोजी डिट्रॉइटची सेवा नियमितपणे सुरू झाली. ती एकमार्गी होती; केंद्राचे बोलणे वाहनात ऐकू येई, परंतु वाहनातील शिपायाला उत्तर देण्यासाठी दूरध्वनी शोधावा लागे. संदेश पोहोचला की नाही हेच केंद्राला कळत नसल्याने एकच संदेश अनेकवार उच्चारण्याची पद्धत पडली. १९३३ मध्ये न्यू जर्सी राज्यातील बेयॉन येथे चालत्या वाहनांशी द्विमार्गी संभाषण करणारी यंत्रणा कार्यान्वित झाली आणि पोचपावती शक्य झाली. नियंत्रण कक्षाच्या आजच्या कार्यपद्धतीचा हा पाया होय.

आरंभीच्या यंत्रणांत परमप्रसर विरूपण वापरले जाई. त्यात मोटारीच्या प्रज्वलन यंत्रणेतील ठिणग्यांचा खरखराट बोलण्यात मिसळे. १९४० मध्ये अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी प्रा. डॅन्येल नोबल यांच्या मार्गदर्शनाखाली कंप्रता विरूपणावर आधारलेली द्विमार्गी यंत्रणा उभारली. या पद्धतीत खरखराट पुष्कळच कमी होतो. तिचे श्रेष्ठत्व लौकरच मान्य झाले व ती जगभर पसरली.

एक क्रमांक : पोलिसांचा रेडिओ सुधारला, तरी नागरिकाचा निरोप कक्षापर्यंत पोहोचण्याचा मार्ग बराच काळ सदोष राहिला. त्या काळी दूरध्वनी केंद्रातील कर्मचारी जोडणी करून देत आणि आणीबाणीची हाक इतर हाकांच्या रांगेतच थांबे. १० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनमधील विंपोल स्ट्रीट येथील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. समोर राहणाऱ्या गृहस्थाने अग्निशामक दलासाठी दूरध्वनी उचलला होता. पण दूरध्वनी केंद्राने तो रांगेत ठेवला. त्याने वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रामुळे हा प्रश्न ऐरणीवर आला आणि शासनाने समिती नेमली. परिणामी ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा आणीबाणीचा क्रमांक सुरू झाला. तो फिरविताच दूरध्वनी केंद्रात भोंगा वाजे व लाल दिवा लागे, त्यामुळे ही हाक इतर हाकांपासून वेगळी ओळखू येई. या क्रमांकाचे महत्त्व केवळ तो सहज लक्षात राहण्यात नाही; आणीबाणीच्या हाकेला रांगेतून बाहेर काढले गेले, हे अधिक महत्त्वाचे आहे.

अमेरिकेत १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने एकच राष्ट्रीय क्रमांक असावा, अशी शिफारस केली. त्यानुसार ९११ क्रमांकावरील पहिला दूरध्वनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या छोट्या गावी करण्यात आला. यूरोपीय देशांसाठी ११२ हा समान क्रमांक १९९१ मध्ये ठरविण्यात आला. भारतात पोलिसांसाठी १००, अग्निशामक दलासाठी १०१ व रुग्णवाहिकेसाठी १०२ (पुढे बऱ्याच राज्यांत १०८) असे वेगवेगळे क्रमांक रूढ झाले.

रचना व कार्यपद्धती : लहान कक्षात एकच कर्मचारी दूरध्वनी घेतो व रेडिओवर बोलतो. मोठ्या कक्षात ही दोन कामे विभागलेली असतात. एक गट दूरध्वनी घेतो. डिस्पॅचर म्हणून ओळखला जाणारा दुसरा गट विशिष्ट विभागातील वाहनांचा ताबा सांभाळतो. दोहोंवर एक पर्यवेक्षक अधिकारी असतो. या विभागणीमुळे दूरध्वनीवरील व्यक्तीशी बोलणे चालू असतानाच वाहन निघू शकते. मात्र त्यामुळे संदेशाच्या वाटेत आणखी एक सांधा निर्माण होतो.

दूरध्वनी घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो ठिकाणाचा. काय घडले हे अर्धवट कळले तरी मदत धाडता येते. कोठे घडले हे न कळल्यास काहीच करता येत नाही, आणि संभाषण कोणत्याही क्षणी तुटण्याचा संभव असतो. त्यानंतर घटनेचे स्वरूप, ती चालू आहे की संपली आहे, कोणी जखमी आहे काय, शस्त्रे आहेत काय, संशयिताचे वर्णन, वाहनाचा रंग व क्रमांक आणि तो कोणत्या दिशेने गेला, हे प्रश्न ठराविक क्रमाने येतात. क्रम ठरलेला असण्याचे कारण असे की, गोंधळलेला माणूस प्रथम जे सांगतो ते त्याला सर्वांत भयंकर वाटलेले असते. पोलिसांना प्रथम जे हवे असते ते त्याहून निराळे असते. प्रश्न सौम्य पण ठाम स्वरात व एका वेळी एकच विचारावा लागतो. वर्दी देणारा बोलू शकत नसेल, तर त्याच्या मौनाचाही अर्थ लावावा लागतो. घरातच हिंसा करणारा माणूस समोर उभा असताना स्त्रीला उघडपणे बोलता येत नाही. अशा वेळी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल असे प्रश्न विचारले जातात. ग्रेट ब्रिटनमध्ये भ्रमणध्वनीवरून मूकपणे ५५ हे आकडे दाबून मदतीची खूण करण्याची व्यवस्था २००२ पासून आहे.

मिळालेल्या माहितीवरून घटनेला अग्रक्रम दिला जातो. जीविताला धोका असलेली किंवा प्रत्यक्ष चालू असलेली घटना पहिल्या वर्गात मोडते. मालमत्तेची जुनी चोरी, ध्वनिक्षेपकाचा त्रास यांसारख्या तक्रारी नंतरच्या वर्गांत येतात. डिस्पॅचर उपलब्ध वाहनांपैकी योग्य ते निवडतो. नकाशावर सर्वांत जवळचे वाहन नेहमीच सर्वांत लवकर पोहोचणारे असते, असे नाही. मध्ये रेल्वेमार्ग, खाडी, एकेरी रस्ता किंवा मिरवणूक असू शकते. वाहन निघाल्याची, पोहोचल्याची व काम संपल्याची वेळ नोंदविली जाते. एखाद्या पथकाकडून अपेक्षित वेळेत उत्तर आले नाही, तर त्याची विचारपूस करणे व गरज पडल्यास दुसरे पथक पाठविणे हेही डिस्पॅचरचेच काम असते. या अर्थाने तो नागरिकांइतकाच रस्त्यावरील शिपायांचाही पाठीराखा असतो.

किती कर्मचारी नेमावेत हा गणिती प्रश्न आहे. डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९०९ पासून कोपनहेगनच्या दूरध्वनी सेवेसाठी मांडलेला रांगांचा सिद्धांत येथे उपयोगी पडतो. समजा, तासाला १२० दूरध्वनी येतात व प्रत्येकाला सरासरी २ मिनिटे लागतात. तासाला एकूण २४० मिनिटांचे काम असल्याने वरवर पाहता चार कर्मचारी पुरेसे वाटतील. परंतु दूरध्वनी समान अंतराने येत नाहीत, झुंडीने येतात. त्यामुळे चार कर्मचारी असता रांग वाढतच जाईल. पाच असता निम्म्याहून अधिक लोकांना थांबावे लागेल. सात असता सु. सातांपैकी एकालाच थांबावे लागेल. म्हणजेच चांगल्या कक्षात काही कर्मचारी काही काळ रिकामे बसलेले दिसणे हा अपव्यय नसून ती सज्जता असते. काटकसरीच्या नावाखाली ती काढून टाकल्यास त्याचा परिणाम नेमका संकटाच्या वेळी जाणवतो.

रेडिओ संदेशवहन : पोलीस दले प्रामुख्याने अति उच्च कंप्रतेचे (सु. १३६ ते १७४ मेगॅहर्ट्‌झ) आणि परा उच्च कंप्रतेचे (सु. ४०० ते ४७० मेगॅहर्ट्‌झ) पट्टे वापरतात. हे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने त्यांचा पल्ला आकाशकाच्या उंचीवर अवलंबून असतो. ५० मी. उंचीच्या स्तंभावरील आकाशकाचे रेडिओ क्षितिज सु. ३० किमी. असते. शिपायाजवळील हातसंचाची शक्ती थोडी असते. म्हणून डोंगरमाथ्यावर किंवा उंच इमारतीवर रिपीटर बसवितात. तो एका कंप्रतेवर आलेला क्षीण संदेश दुसऱ्या कंप्रतेवर प्रबल करून पुन्हा प्रक्षेपित करतो. भुयारे, तळघरे, दाट वस्तीतील अरुंद गल्ल्या आणि दऱ्या येथे तरंग पोहोचत नाहीत. अशा मूक जागा डिस्पॅचरला ठाऊक असाव्या लागतात.

एका वाहिनीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. बोलण्याची कळ दाबली असता ऐकणे बंद होते. दोघांनी एकाच वेळी कळ दाबल्यास कंप्रता विरूपणाच्या गुणधर्मामुळे प्रबल संदेश क्षीण संदेशाला झाकून टाकतो आणि झाकल्या गेलेल्याला त्याची जाणीवही होत नाही. म्हणून बिनतारी शिस्तीचे नियम कडक असतात. वाहिनी मोकळी आहे याची खात्री करावी, आधी ज्याला हाक मारावयाची त्याचे व नंतर स्वतःचे संकेतनाम उच्चारावे, संदेश थोडक्यात सांगावा आणि ऐकणाऱ्याने महत्त्वाचा भाग परत म्हणून दाखवावा, हे त्यांतील मुख्य नियम होत. मोठ्या घटनेत डिस्पॅचर इतर सर्वांना मौन पाळण्यास सांगून वाहिनी एका पथकासाठी राखून ठेवतो.

उच्चारसादृश्यामुळे होणारे घोटाळे प्रत्येक भाषेत निराळे असतात. मराठीत ‘सात’ व ‘साठ’ किंवा ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’ खरखराटात सहज मिसळतात. म्हणून वाहनाचा क्रमांक सुटा सुटा आकडा उच्चारून सांगणे श्रेयस्कर असते. इंग्रजी अक्षरांसाठी ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीसाठी स्थिरावलेली शब्दमाला अनेक दले वापरतात.

अमेरिकेत १९३७ च्या सुमारास इलिनॉय राज्य पोलिसांतील चार्ल्स हॉपर यांनी दहा या अंकाने सुरू होणारी संकेतावली बनविली. त्या काळी कळ दाबल्यानंतर प्रेषकाला वीज पुरविणारे जनित्र पूर्ण वेग घेईपर्यंत बोलण्याचा पहिला अवयव हरवत असे. संकेताच्या आधी निरर्थक ‘दहा’ जोडल्याने हरवायचे ते तेवढेच हरवे. जनित्रे गेली, तरी संकेत मागे राहिले. पुढे वेगवेगळ्या दलांनी त्याच अंकांना वेगवेगळे अर्थ दिले, त्यामुळे दले एकत्र आली की गैरसमज होऊ लागले. अखेर २००६ पासून अमेरिकेच्या केंद्र शासनाने अनेक दलांच्या संयुक्त कारवाईत साध्या भाषेचाच आग्रह धरला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अंकीय रेडिओ यंत्रणा आल्या. यूरोपात १९९५ मध्ये प्रमाणित झालेली टेट्रा ही त्यांपैकी एक होय. तीत मोजक्या वाहिन्या गरजेप्रमाणे अनेक गटांत आपोआप वाटल्या जातात, संभाषण गुप्त राखता येते व संकटात सापडलेल्या शिपायाला एक कळ दाबून सर्वांत आधी वाहिनी मिळते.

संगणकाचा उपयोग : पूर्वी वर्दी कागदी चिठ्ठीवर लिहून ती सरकत्या पट्ट्यावरून किंवा हातोहात डिस्पॅचरकडे जाई. संगणकामुळे ती टंकित होत असतानाच त्याच्या पडद्यावर दिसू लागली. उपग्रहाच्या साहाय्याने प्रत्येक वाहनाचे स्थान नकाशावर उमटू लागले आणि त्या पत्त्यावरील पूर्वीच्या तक्रारीही क्षणात उपलब्ध झाल्या. परंतु संगणकावर सर्व भार टाकणे घातक ठरू शकते. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने नवी संगणकीय प्रणाली पूर्णांशाने स्वीकारली. वाहनांची स्थाने तिला अचूक न कळल्याने चुकीची पाठवणी होऊ लागली, लोकांनी पुन्हा पुन्हा दूरध्वनी केले, त्यामुळे भार आणखी वाढला व दुसऱ्या दिवशी सेवेला जुन्या पद्धतीकडे वळावे लागले. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेतील सात राज्यांत ९११ सेवा सु. सहा तास विस्कळीत झाली. दूरध्वनी वळविणाऱ्या संगणकातील एका गणकाला चार कोटींची मर्यादा घातलेली होती व ती गाठली गेल्याचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. त्या काळात सहा हजारांहून अधिक हाका अनुत्तरित राहिल्या. म्हणून कागद, पेन्सिल आणि भिंतीवरील नकाशा यांवर काम चालविण्याचा सराव आधुनिक कक्षांतही करून घेणे आवश्यक मानतात.

भ्रमणध्वनीमुळे वर्दी देणे सुलभ झाले. परंतु पत्त्याचा प्रश्न अधिक बिकट झाला. स्थिर दूरध्वनीचा पत्ता नोंदलेला असे. भ्रमणध्वनीचे स्थान मनोऱ्यावरून ठरविल्यास शहरात काहीशे मीटर, तर ग्रामीण भागात अनेक किलोमीटर इतकी अनिश्चितता राहते. फोनमधील उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आपोआप कक्षाकडे पाठविण्याची पद्धत २०१४ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये सुरू झाली व नंतर इतरत्र पसरली.

भारत व महाराष्ट्र : भारतात पोलीस बिनतारी सेवेच्या समन्वयासाठी १९४६ मध्ये केंद्रीय पातळीवर स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली. आंतरराज्य संदेशांची ने-आण आणि राज्यांना तांत्रिक मार्गदर्शन ही तिची कामे आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी विभागाचे मुख्यालय पुणे येथे आहे. राज्यातील पोलीस आयुक्तालये व जिल्हा मुख्यालये यांना स्वतंत्र नियंत्रण कक्ष असून ठाणी, गस्ती वाहने व बंदोबस्तावरील अधिकारी त्यांच्याशी जोडलेले असतात. गणेश विसर्जन, आषाढी वारी, निवडणुका किंवा अतिवृष्टी अशा प्रसंगी याच कक्षांतून हजारो शिपायांच्या हालचालींचे सूत्रचालन होते.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर देशात एकच आणीबाणी क्रमांक असण्याच्या मागणीला बळ मिळाले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ मध्ये ११२ या क्रमांकाची शिफारस केली आणि २८ नोव्हेंबर २०१८ रोजी हिमाचल प्रदेशात तो प्रथम कार्यान्वित झाला. महाराष्ट्रात ही सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. तिचे प्राथमिक केंद्र नवी मुंबईत आणि दुसरे केंद्र नागपूर येथे आहे. केंद्रात घेतलेली वर्दी संबंधित जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या कक्षाकडे जाते व तेथून वाहन पाठविले जाते. वाहनांत बसविलेल्या पडद्यावर घटनेचा तपशील उमटतो. स्मार्टफोनची चालू-बंद कळ तीनदा दाबूनही या सेवेला हाक देता येते.

केंद्रीकरणामुळे हाक अनुत्तरित राहण्याचा संभव कमी होतो. मात्र स्थानिक ज्ञान दुरावते. पूर्वी ठाण्यातील हवालदाराला ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढे सांगितले तरी पुरे होई. केंद्रातील कर्मचाऱ्याच्या दृष्टीने मारुतीचे देऊळ गावोगाव असते. वडगाव म्हटले की वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, पेठ वडगाव असे अनेक पर्याय समोर येतात. त्यात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी अशा बोलींची भर पडते. म्हणून गाव, तालुका व जिल्हा हे तिन्ही विचारून घेण्याची आणि जवळच्या खुणांचा नकाशाशी मेळ घालण्याची सवय येथे विशेष महत्त्वाची ठरते.

नियंत्रण कक्षाच्या सामर्थ्याची व मर्यादांची एकाच रात्री कसोटी लागली ती मुंबईवरील हल्ल्यात. २६ नोव्हेंबर २००८ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झालेल्या या हल्ल्यात दहा दहशतवाद्यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनस, लिओपोल्ड कॅफे, ताजमहाल व ओबेरॉय-ट्रायडंट ही हॉटेले आणि नरीमन हाऊस यांवर थोड्या अवधीत हल्ले चढविले. टॅक्सींत ठेवलेल्या बॉम्बचे स्फोट माझगाव व विलेपार्ले येथे झाले. इतक्या ठिकाणांहून एकदम येणाऱ्या वर्दींवरून हल्लेखोर किती व कोठे आहेत याचे चित्र उभे करणे अतिशय दुष्कर होते. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे अधिकारी धारातीर्थी पडले आणि दोन दहशतवाद्यांनी त्यांचे वाहन पळविले. वाहनाच्या मागील भागात जखमी होऊन पडलेल्या शिपायाने हल्लेखोर ते वाहन सोडून जाताच त्यातील बिनतारी संचावरून कक्षाला वृत्त दिले. हल्लेखोरांनी नंतर बळकावलेल्या स्कोडा मोटारीचे वर्णन बिनतारी यंत्रणेवरून प्रसृत झाले आणि गिरगाव चौपाटीजवळ नाकाबंदीस उभ्या असलेल्या पथकाने ती मोटार अडविली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलून अजमल कसाब याला धरून ठेवले, त्यामुळे तो जिवंत हाती लागला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. त्यांचे शौर्य त्यांचे स्वतःचे होते. पण योग्य मोटार योग्य वेळी ओळखता आली ती हवेतून आलेल्या काही शब्दांमुळे. त्याच रात्रीची दुसरी बाजूही आहे. राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने आणीबाणीसाठी ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीचे पालन झाले नाही, असे २००९ मध्ये नमूद केले. कामा रुग्णालयाच्या परिसरात मदत केव्हा मागितली गेली व ती केव्हा पोहोचली, हा प्रश्न कक्षातील नोंदींच्या आधारे पुढे जाहीर वादाचा विषय झाला. कक्षातील नोंद केवळ कामकाजासाठी नसते, तर ती उत्तरदायित्वाचीही साक्ष असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

अपयशाची कारणे : निरनिराळ्या देशांतील चौकशांवरून असे दिसते की, अपयश पुष्कळदा यंत्र बिघडल्यामुळे येत नाही, तर संदेश दोन माणसांच्या मध्ये अडकल्यामुळे येते. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेच्या ऑस्लो शहरात बॉम्बस्फोट झाल्यानंतर काही मिनिटांतच एका पादचाऱ्याने पोलिसी गणवेशातील सशस्त्र माणूस व त्याच्या मोटारीचा क्रमांक पोलिसांना दूरध्वनीने कळविला. ही माहिती एका चिठ्ठीवर उतरली आणि सु. वीस मिनिटे मेजावर पडून राहिली. त्या माणसाने नंतर उटया बेटावर ६९ जणांची हत्या केली. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात जानेवारी २००८ मध्ये पळवून नेलेल्या एका तरुणीचा आक्रोश शेजारच्या मोटारीतील स्त्रीने ऐकला व ती ९११ वर सविस्तर वर्णन देत राहिली. पण तिची वर्दी त्याच कक्षातील डिस्पॅचरपर्यंत पोहोचली नाही आणि त्या तरुणीचा खून झाला. या घटनेनंतर त्या राज्याने अशा कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण कायद्याने सक्तीचे केले. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये जळत्या मनोऱ्यांतून आलेल्या दूरध्वनींना अनेकदा ‘आहात तेथेच थांबा’ असा नेहमीचा सल्ला दिला गेला. कारण मनोरे रिकामे करण्याचा निर्णय दूरध्वनी घेणाऱ्यांना कळविलाच गेला नव्हता. कक्षाकडून बाहेर जाणाऱ्या माहितीइतकीच घटनास्थळाकडून कक्षाकडे परत येणारी माहिती महत्त्वाची असते, हा त्यातील धडा होय.

वेग हेच यशाचे एकमेव गमक मानणेही योग्य नाही. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९७० नंतरच्या दशकात झालेल्या अभ्यासात असे आढळले की, गुन्हा घडल्यानंतर नागरिक दूरध्वनी करण्यापूर्वी जो वेळ घालवितात, तोच एकंदर विलंबाचा फार मोठा भाग असतो. त्यामुळे घडून गेलेल्या गुन्ह्यासाठी धावत जाण्यापेक्षा चालू असलेल्या घटनांसाठी वाहने मोकळी ठेवणे अधिक फलदायी ठरते. अर्थात त्यासाठी प्रारंभीचे वर्गीकरण अचूक हवे.

कर्मचारी : हे काम पाळ्यांत अहोरात्र चालते. कर्मचारी किंकाळ्या ऐकतो, पण पुढे काय झाले हे त्याला पुष्कळदा कळत नाही. एक दूरध्वनी संपताच दुसरा घ्यावा लागतो. खोडसाळ व निरर्थक दूरध्वनींची संख्याही मोठी असल्यामुळे लक्ष शिथिल होण्याचा धोका असतो आणि खरी हाक त्यांतच लपलेली असू शकते. या कामाने येणारा मानसिक ताण हा अलीकडे अभ्यासाचा विषय झाला आहे. एके काळी पुष्कळ ठिकाणी मैदानी कामास असमर्थ ठरलेल्यांची सोय म्हणून या नेमणुकीकडे पाहिले जाई. ती दृष्टी बदलत असून भाषाज्ञान, भूगोलाची माहिती, संयम व निर्णयशक्ती यांची पारख करून निवड करणे, ध्वनिमुद्रित संभाषणांच्या आधारे प्रशिक्षण देणे आणि कठीण प्रसंगानंतर विश्रांती देणे, या उपायांचा अवलंब होऊ लागला आहे. यंत्रे कितीही सुधारली, तरी घाबरलेल्या माणसाला धीर देऊन त्याच्याकडून नेमका पत्ता काढून घेणे आणि तो न चुकता पुढे पोहोचविणे, हे अद्याप माणसाचेच काम राहिले आहे.